डॉक्टर एडवर्ड जेन्नर : देवीचा रोग हटविणारा खेड्यांतील वैद्य

आपल्या गांवांतील एखाद्या साठ-सत्तर वर्षांच्या आजोबांच्या किंवा आजीबाईंच्या हाताकडे आपण कधीं लक्ष देऊन पाहिलें आहे काय? मध्यें खोलगट व कडेस सुरकुतलेल्या अशा एकदोन वाटोळ्या खुणा तेथें दिसतात. ह्या खुणा देवी काढल्याच्या होत. त्याच घरांतील नातवंडांच्या हातांवर तशा खुणा नाहींत. कित्येकांच्या डाव्या दंडावर एक लहान वण असतो खरा, पण तो क्षयाच्या प्रतिबंधासाठीं टोचलेल्या लसीचा असतो, देवीचा नव्हे. आजोबांच्या हातावर खूण आहे आणि नातवाच्या हातावर ती असण्याचें कारण उरलें नाहीं, ह्या एवढ्याशा गोष्टींत मनुष्यजातीच्या एका मोठ्या सुटकेची हकीकत सांठविलेली आहे. ज्याच्या हातून ह्या सुटकेस आरंभ झाला तो कोणी राजा किंवा सेनापति नव्हता. तो एका खेड्यांतील वैद्य होता. त्याचें चरित्र आज आपणांपुढें ठेवीत आहों.

देवीचा रोग

हा रोग किती भयंकर होता ह्याची कल्पना आजच्या तरुणांस येणें कठीण आहे. प्रथम कडक ताप येई, डोकें व कंबर दुखे, आणि दोन-चार दिवसांनीं तोंडावर, हातापायांवर व सर्वांगावर पुरळ उठे. मग त्याच्या पुवानें भरलेल्या पुटकुळ्या होत. शंभर माणसांस हा रोग झाला तर त्यांपैकीं सुमारें ३० दगावत. जे वांचत त्यांच्या तोंडावर जन्मभर वण राहत, आणि कित्येकांचे डोळे जात. अठराव्या शतकांत एकट्या युरोप खंडांत दरसाल सुमारें ४ लक्ष माणसें ह्या रोगानें मरत, असा अंदाज आहे. राजवाड्यांत काय आणि झोंपडींत काय, तो सारखाच शिरे.

परंतु ह्या रोगाचा एक गुण लोकांच्या ध्यानांत फार पूर्वींच आला होता. ज्याला एकदां देवी येऊन गेल्या त्याला त्या सहसा पुन्हां येत नसत. त्यावरून हिंदुस्थान, चीन, तुर्कस्थान इत्यादि देशांत एक युक्ति निघाली होती. देवी आलेल्या माणसाच्या पुटकुळींतील पू किंवा वाळलेली खपली घेऊन ती निरोगी माणसास देत व त्याच्या अंगावर मुद्दाम सौम्य देवी आणीत. तुर्कस्थानांत ही रीत पाहून आलेल्या लेडी मेरी माँटेग्यू ह्या बाईनें १७२१ सालीं आपल्या मुलीस इंग्लंडांत अशा देवी टोचविल्या, व तेव्हांपासून ती रीत त्या देशांत पसरली. मात्र तींत दोन मोठे धोके होते. टोचलेल्या शंभरांपैकीं एक-दोन माणसें त्या टोचण्यानेंच मरत. आणि टोचलेला मनुष्य बरा होईपर्यंत त्याच्यापासून शेजाऱ्यांस खऱ्या देवींची लागण होऊन सांथ पसरण्याचें भय असे.

बालपण व शिक्षण

एडवर्ड जेन्नर ह्याचा जन्म इंग्लंडांतील ग्लॉस्टरशायर परगण्यांत बर्कली ह्या गांवीं ता. १७ मे १७४९ रोजीं झाला. त्याचा बाप स्टीफन जेन्नर हा त्या गांवचा पाळक होता. नऊ भावंडांत एडवर्ड आठवा. तो पांच वर्षांचा असतां १७५४ सालीं त्याची आई व बाप हीं दोघेंहि थोड्या अंतरानें वारलीं, आणि त्याचा संभाळ त्याच्या वडील भावानें केला. हा भाऊहि पुढें पाळकाचें काम करीत असे.

आठव्या वर्षीं एडवर्डास त्या काळच्या रीतीप्रमाणें माणसाच्या देवी टोचण्यांत आल्या. तत्पूर्वीं अंगांतील दोष काढण्याच्या समजुतीनें त्याला कित्येक आठवडे अर्धपोटीं ठेवून जुलाब दिले व त्याचें रक्त काढलें. आणि टोचल्यावर इतर मुलांबरोबर एका तबेल्यांत कोंडून ठेविलें. मुलगा वांचला, परंतु फार अशक्त झाला. ज्या माणसानें पुढें जगांतील मुलांस ह्या हालांतून सोडविलें, त्यानें ते हाल प्रथम स्वतः भोगले होते.

तेराचौदा वर्षांचा झाल्यावर तो चिपिंग सॉडबरी ह्या गांवीं डॅनियल लड्लो नांवाच्या शस्त्रवैद्याजवळ उमेदवारी करण्यास राहिला. हा सगळा मुलूख गाईगुरांचा, दुधाचा व चीजचा. गाईंच्या सडांवर कधीं कधीं फोड येत, आणि दूध काढणाऱ्या माणसांच्या हातांवरहि तसेच फोड उठत. थोडा ताप येई, कांख दुखे, व आठवड्या-दोन आठवड्यांनीं सर्व बरें होई. ह्यांस गाईच्या देवी म्हणत. ज्याला गाईच्या देवी झाल्या त्याला माणसाच्या देवी येत नाहींत, असा तिकडच्या गवळ्यांचा व शेतकऱ्यांचा समज होता. एका गवळणीच्या तोंडून जेन्नर ह्यानें हें प्रथम ऐकिलें, अशी एक कथा सांगतात. त्या कथेविषयीं अलीकडच्या अभ्यासकांस शंका आहे. परंतु त्या भागांतील गोठ्यांत व कांहीं वैद्यांतहि ही गोष्ट बोलली जात होती, हें निश्चित आहे. डॉरसेट परगण्यांतील बेंजामिन जेस्टी नांवाच्या शेतकऱ्यानें तर १७७४ सालीं देवीची सांथ आली असतां आपल्या बायकोस व दोन मुलांस गाईच्या सडावरील लस सुईनें टोचली होती, आणि त्याबद्दल शेजाऱ्यांच्या शिव्याहि खाल्ल्या होत्या.

येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. हें ज्ञान प्रथम मोठ्या विद्यालयांत निपजलें नाहीं. तें शेण काढणाऱ्या व दूध पिळणाऱ्या माणसांच्या अनुभवांत होतें. बहुतेक मोठ्या वैद्यांनीं तें अडाण्यांचें बोलणें म्हणून सोडून दिलें. जेन्नर यांचें मोठेपण हें कीं त्यांनीं तें सोडून दिलें नाहीं. आणि तितकेंच मोठेपण हें कीं त्यांनीं तें परीक्षा केल्यावांचून खरेंहि मानिलें नाहीं.

गुरु व निरीक्षण

१७७० सालीं, एकविसाव्या वर्षीं, जेन्नर लंडनास जाऊन जॉन हंटर ह्या प्रख्यात शस्त्रवैद्याचे शिष्य झाले. हंटर यांची शिकवण अशी कीं नुसते तर्क करीत बसूं नये. प्रयोग करून पाहावा, आणि तोहि धीरानें व बारकाईनें. गुरुशिष्यांचा स्नेह हंटर यांच्या मरणापर्यंत टिकला. कॅप्टन कुक हे दुसऱ्या जलप्रवासास निघाले तेव्हां त्यांच्याबरोबर जाण्याचा प्रसंग जेन्नर यांस आला होता. परंतु तो मान सोडून ते आपल्या गांवीं परतले व घोड्यावर बसून खेडोपाडीं रोग्यांस औषध देऊं लागले.

धंदा करीत असतांहि त्यांचे डोळे सदा उघडे असत. कोकिळा आपलें अंडें कावळ्याच्या घरट्यांत घालते हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. इंग्लंडांत त्याच कुळांतील कुक्कू नांवाचा पक्षी तसेंच करितो. त्या घरट्यांतील मूळचीं पिलें कोठें जातात, हें कोडें होतें. जेन्नर यांनीं घरट्यांजवळ तासन् तास बसून पाहिलें, तों नुकतेंच अंड्यांतून निघालेलें आंधळें कुक्कूचें पिलूंच इतर अंडीं व पिलें पाठीवर घेऊन बाहेर ढकलून देतें, असें त्यांस दिसलें. हा शोध १७८८ सालीं प्रसिद्ध झाला, आणि पुढल्या वर्षीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांस आपलें सभासद करून घेतलें. पुष्कळांनीं ह्या शोधास हंसून खोटें ठरविलें. परंतु पुढें छायाचित्रांनीं तो खरा ठरला.

१७८८ सालींच त्यांचा विवाह कॅथरिन किंग्सकोट हिच्याशीं झाला. १७९२ सालीं त्यांस सेंट अँड्रूज विश्वविद्यालयाची वैद्यकाची पदवी मिळाली.

ता. १४ मे १७९६

इकडे गाईच्या देवींचा विचार त्यांच्या मनांत वर्षानुवर्षें घोळत होता. ज्यांस पूर्वीं गाईच्या देवी झाल्या होत्या अशा गवळ्यांचीं व शेतमजुरांचीं नांवें ते टिपून ठेवीत, व त्यांस माणसाच्या देवी टोचल्या असतां लागतात कीं नाहीं हें पाहत. आतां एकच प्रश्न उरला. गाईच्या देवी एका माणसाकडून दुसऱ्या माणसास मुद्दाम देतां येतील काय, आणि त्या दिल्यानें तो सुरक्षित होईल काय?

१७९६ च्या मे महिन्यांत सारा नेल्म्स नांवाची एक गवळण हातावर फोड घेऊन त्यांच्याकडे आली. ब्लॉसम नांवाच्या गाईपासून तिला ती लागण झाली होती. ता. १४ मे रोजीं जेन्नर यांनीं तिच्या हातावरील फोडांतील लस घेतली व आपल्याकडे बागकाम करणाऱ्या एका मजुराच्या आठ वर्षांच्या मुलाच्या दंडावर दोन बारीक ओरखडे काढून तेथें लाविली. मुलाचें नांव जेम्स फिप्स. सातव्या दिवशीं त्याची कांख दुखूं लागली, नवव्या दिवशीं थोडी थंडी वाजली व भूक मंदावली, आणि दुसऱ्या दिवशीं तो बरा झाला.

ता. १ जुलै रोजीं खरी कसोटी झाली. जेन्नर यांनीं त्याच मुलास माणसाच्या खऱ्या देवींचा पू टोचला, आणि सर्व वाट पाहत बसले. मुलास कांहीं झालें नाहीं. कांहीं महिन्यांनीं पुन्हां टोचून पाहिलें. तेव्हांहि कांहीं झालें नाहीं.

वाचकहो, येथें एक प्रश्न आपल्या मनांत येईल, आणि तो टाळणें बरें नव्हे. गरीब मजुराच्या मुलावर असा प्रयोग करणें योग्य होतें काय? आजच्या नियमांप्रमाणें कोणाहि वैद्यास तो करूं दिला जाणार नाहीं. त्या काळीं मुलांस माणसाच्या देवी टोचणें ही रोजची रीत होती, व स्वतः जेन्नर यांसहि त्या टोचल्या होत्या, हें त्यांच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. तरी पण धोका त्या मुलानें सोसला व कीर्ति वैद्यास मिळाली, हेंहि तितकेंच खरें आहे. जेन्नर तें ऋण विसरले नाहींत. फिप्स मोठा होऊन संसारी झाल्यावर त्यांनीं त्यास बर्कली येथें भाड्यावांचून राहावयास घर दिलें, आणि त्याच्या अंगणांत गुलाबाचीं रोपें स्वतः लाविलीं. आपणांस आज जें सुख आहे त्यांत ह्या मजुराच्या मुलाचाहि वांटा आहे.

विरोध

जेन्नर यांनीं आपला लेख रॉयल सोसायटीकडे पाठविला. परंतु एवढ्याशा पुराव्यावर एवढी मोठी गोष्ट प्रसिद्ध करणें बरें नाहीं, म्हणून तो परत आला. ते रागावले नाहींत. पुरावा वाढवूं लागले. परंतु त्या भागांतील गाईंत हा रोगच दिसेनासा झाला, व त्यांस १७९८ च्या वसंतऋतूपर्यंत थांबावें लागलें. तेव्हां त्यांनीं आणखी मुलांस लस टोचली. त्यांत त्यांचा अकरा महिन्यांचा मुलगा रॉबर्ट हाहि होता, जरी त्याच्या अंगीं ती लागली नाहीं. नंतर एका मुलाच्या दंडावरील लस दुसऱ्याच्या, दुसऱ्याची तिसऱ्याच्या, अशी सांखळी चालूं शकते हें त्यांनीं दाखविलें. त्याच सालीं २३ उदाहरणें देऊन त्यांनीं स्वखर्चानें एक लहानसें पुस्तक छापिलें. लॅटिन भाषेंत गाईस वाक्का म्हणतात. त्यावरून ह्या लसीस व्हॅक्सीन हें नांव पडलें.

पुस्तक निघाल्यावर मोठा गलबला झाला. लंडनांत तीन महिने राहूनहि टोचून घेण्यास पुढें येणारा मनुष्य जेन्नर यांस मिळाला नाहीं. माणसाच्या देवी टोचून पैसा मिळविणारे वैद्य त्यांच्यावर उठले. जनावराचा रोग माणसास देणें अमंगळ आहे, असें कित्येक म्हणूं लागले. १८०२ सालीं एका चित्रकारानें लस टोचलेल्या लोकांच्या अंगांतून गाई फुटून निघत आहेत असें हास्यचित्र काढिलें, आणि अडाणी लोकांस तें खरेंहि वाटूं लागलें. रोग ही देवाची शिक्षा आहे, ती चुकविणें पाप आहे, असा उपदेश कांहीं पाळकांनीं केला. तर उलट रेव्ह. रोलंड हिल नांवाच्या प्रसिद्ध उपदेशकांनीं जेन्नर यांचा पक्ष घेतला, लसीच्या समर्थनार्थ पुस्तक लिहिलें, आणि उपासनेस आलेल्या लोकांसह हजारों मुलांस स्वतःच्या हातांनीं लस टोचली. एकाच देशांत, एकाच धर्मांतील उपदेशकांपैकीं एकानें लोकांचें भय वाढविलें व दुसऱ्यानें तें घालविलें. उपदेशकाच्या शब्दास गांवांत किती वजन असतें, हें आमच्या उपदेशक बंधूंस सांगणें नलगे.

फुकट दिलेलें दान

जेन्नर यांनीं आपली युक्ति गुप्त ठेविली असती तर ते फार धनवान् झाले असते. त्यांनीं ती सर्वांस उघड करून सांगितली. लस दोऱ्यावर वाळवून ते मागेल त्याला पाठवीत, व देशोदेशींच्या पत्रांस उत्तरें लिहिण्यांत त्यांचे दिवस जात. आपल्या घराच्या बागेंत एक लहानशी गवताची झोंपडी होती, तींत बसून ते गरिबांस मोफत लस टोचीत. धंदा बुडत चालला, तेव्हां इंग्लंडच्या पार्लमेंटनें १८०२ सालीं १०,००० पौंड व १८०७ सालीं २०,००० पौंड देऊन त्यांचा गौरव केला. इंग्लंडाचें फ्रान्सशीं घनघोर युद्ध चालू असतांहि नेपोलियन बादशहानें आपल्या सैन्यास लस टोचविली, आणि जेन्नर यांच्या विनंतीवरून कांहीं इंग्रज कैद्यांस सोडून दिलें.

स्पेन देशाच्या राजानें १८०३ सालीं डॉक्टर बाल्मिस यांच्या हाताखालीं अमेरिकेकडे एक जहाज पाठविलें. त्या काळीं बर्फाची पेटी नव्हती. वाटेंत लस नासून जाई. म्हणून जहाजावर २२ अनाथ मुलगे घेतले. दोघांस लस टोचावी, त्यांचे फोड भरले म्हणजे त्यांतील लस पुढल्या दोघांस टोचावी, अशा रीतीनें ती मुलांच्या दंडांवरून महासागर ओलांडून गेली.

मुंबईंतील पहिलें मूल

आपल्या देशांत लस आणण्याचे प्रयत्न दोन-तीन वर्षें फसले. शेवटीं बगदाद व बसरा ह्या मार्गानें, दंडावरून दंडावर चालत, ती जहाजानें मुंबईस पोहोंचली. ता. १४ जून १८०२ रोजीं मुंबईंत ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस ती टोचली, व ती उत्तम लागली. ह्या देशांत गाईच्या देवी यशस्वी रीतीनें टोचलेलें हें पहिलें मूल. तिच्या दंडावरील लसीनें मुंबईंत आणखी मुलांस टोचलें, आणि तेथून ती पुणें, सुरत, हैदराबाद, मद्रास अशी पसरली. पुढें मुंबई, मद्रास व कलकत्ता येथील लोकांनीं वर्गणी करून ७,००० पौंडांहून अधिक रक्कम जेन्नर यांस कृतज्ञतेनें पाठविली.

परंतु आपल्याकडेहि भय थोडें नव्हतें. इंग्लंडांत जसे रोगास देवाची शिक्षा म्हणणारे होते, तसेच येथें रोगासच देवी मानून तिच्या कोपास भिणारे होते. देवी काढणारा सरकारी मनुष्य गांवांत आला म्हणजे आया मुलांस लपवीत. दुसरी एक अडचण आपल्या समाजाचीच होती. लस एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर जाई, आणि ज्यांच्या दंडावरील लस घेत तीं मुलें पुष्कळदां गरीब व अस्पृश्य मानिलेल्या जातींचीं असत. त्यांच्या अंगांतील लस आपल्या मुलाच्या अंगीं नको, म्हणून उच्च म्हणविणाऱ्या घरांतून हरकत घेतली जाई. फोड उघडण्याचें दुःख त्या गरीब मुलांनींच सोसावें, आणि वर विटाळहि त्यांचाच मानावा, असा हा न्याय होता. परंतु रोग जात विचारीत नसे, आणि लसहि विचारीत नसे. ज्याची सावली टाळीत त्याच्याच मुलाच्या दंडावरील थेंबानें वाड्यांतील मूल वांचलें, असें किती ठिकाणीं घडलें असेल! पुढें वासराच्या कातडीवर लस वाढवूं लागले, आणि दंडावरून दंडावर टोचण्याची रीत बंद पडली. तीं मुलें दुःखांतून सुटलीं हें बरें झालें. आणि एका दंडावरून दुसऱ्या दंडावर इतर रोग जाण्याचें जें भय होतें तेंहि टळलें.

शेवटचे दिवस

जेन्नर यांचा उत्तरकाळ सुखाचा नव्हता. ज्यांनीं जगाला एका रोगापासून सोडविण्याचा मार्ग दाखविला, त्यांच्या घरांत क्षयरोग शिरला. १८१० सालीं वडील मुलगा व १८१५ सालीं पत्नी ह्या रोगानें गेलीं. त्यावर त्या काळीं कोणाजवळच उपाय नव्हता. ते बर्कलीस एकांतांत राहिले, परंतु रोग्यांस पाहणें व पक्ष्यांचा अभ्यास हीं त्यांनीं सोडलीं नाहींत. ता. २६ जानेवारी १८२३ रोजीं अर्धांगाच्या झटक्यानें त्यांचा अंत झाला. ज्या गांवीं त्यांचा बाप पाळक होता त्याच गांवच्या देवळांत त्यांस पुरलें, आणि त्या वेळीं आलेल्या मंडळींत जेम्स फिप्सहि होता.

त्यांच्या सर्वच कल्पना बरोबर होत्या असें नाहीं. एकदां लस टोचली म्हणजे जन्मभर पुरते, असें ते समजत. परंतु कांहीं वर्षांनीं तिचा जोर कमी होतो व ती पुन्हां टोचावी लागते, असें पुढें कळून आलें. गाईच्या देवींचें मूळ घोड्यांच्या रोगांत असावें, ह्या त्यांच्या तर्कास पुष्कळांनीं हंसून टाकिलें. परंतु जुन्या लसींतील विषाणू घोड्यांच्या देवीच्या विषाणूचा अगदीं जवळचा आप्त आहे, असें अलीकडच्या परीक्षणांत दिसून आलें आहे. शास्त्राची रीत अशीच आहे. तें कोणा एकाच्या शब्दावर उभें राहत नाहीं. एकाची चूक दुसरा सुधारतो, व खरें तेवढें टिकतें.

सुटका

इंग्लंडांत १८४० सालीं माणसाच्या देवी टोचण्यास कायद्यानें बंदी झाली, व १८५३ सालीं तान्ह्या मुलांस लस टोचणें सक्तीचें झालें. १८८१ सालीं लुई पाश्चर ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें अशी सूचना केली कीं कोणत्याहि रोगावरील अशा प्रतिबंधक पदार्थास जेन्नर यांच्या सन्मानार्थ व्हॅक्सीन हेंच नांव द्यावें. म्हणून आज ज्या लसीचा गाईशीं कांहीं संबंध नाहीं तिलाहि जगभर त्याच गाईचें नांव आहे.

तरी रोग लौकर गेला नाहीं. विसाव्या शतकांतहि देवीनें सुमारें ३० कोटि माणसें मेलीं, असा अंदाज आहे. १९६७ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें हा रोग पृथ्वीवरून नाहींसा करण्याचा मोठा प्रयत्न सुरू केला. आतां उष्ण हवेंतहि टिकणारी वाळविलेली लस होती, व ती टोचण्यास दोन टोंकांची साधी सुई होती. १९७४ सालीं बिहारांत भयंकर सांथ आली. तेव्हां हजारों कामगार देवी आलेल्या मुलाचें चित्र हातांत घेऊन घरोघर हिंडले. रोगी सांपडला कीं त्यास वेगळें ठेवीत व भोंवतालच्या सर्वांस लस टोचीत. बातमी देणाऱ्यास बक्षीस देत. ता. २४ मे १९७५ रोजीं आपल्या देशांतील शेवटचा रोगी नोंदला गेला. १९७७ च्या ऑक्टोबरांत सोमालिया देशांत नैसर्गिक लागणीचा जगांतील शेवटचा रोगी सांपडला, व तो बरा झाला. ता. ८ मे १९८० रोजीं देवीचा रोग पृथ्वीवरून नष्ट झाल्याचें जाहीर करण्यांत आलें. मनुष्याच्या प्रयत्नानें समूळ नाहींसा झालेला माणसांचा हा एकच रोग आहे.

वाचकहो, म्हणूनच नातवंडांच्या हातावर खूण नाहीं. परंतु ह्या सुखांत एक धोका आहे. जो रोग दिसत नाहीं त्याचें भय विसरतें, आणि मग सुईचेंच भय मोठें वाटूं लागतें. गोवर, घटसर्प, डांग्या खोकला हे रोग अजून पृथ्वीवर आहेत, व त्यांवर लसी आहेत. ज्या गांवीं मुलांस त्या वेळेवर टोचीत नाहींत त्या गांवीं ते परत येतात.

ह्या चरित्रापासून आमच्या मंडळ्यांनीं काय घ्यावें? गवळणीच्या व मजुराच्या अनुभवास तुच्छ मानूं नये. ऐकिलेलें सर्वच खरें मानूं नये, पारखून घ्यावें. जें चांगलें हातीं आलें तें लपवून न ठेवितां वांटावें. आणि उपदेशक बंधूंनो, आपल्या वस्तींत आरोग्यसेविका येईल त्या दिवशीं केवळ बोलून थांबूं नका. आपल्या मुलास कडेवर घेऊन रांगेंत पहिले उभे राहा. शेजारीण दारांतून तें पाहत असेल, आणि थोड्या वेळानें तीहि आपलें मूल घेऊन बाहेर येईल.